ऑनलाइन तासाला मुलांना खरंच समजतंय का, हे ओळखायचं कसं?

कोरी_वही
नमस्कार मंडळी. मी सहावीला गणित शिकवते. शाळेची इमारत सध्या बंद आहे, कधी उघडेल कुणालाच सांगता येत नाहीये, त्यामुळे सगळं मोबाइलवर. तास घेण्यात तशी अडचण नाही, लिंक टाकते, स्क्रीन शेअर करते, मुलं वेळेवर येतात पण. अडचण ही की मला समोर दिसतात नुसते काळे चौकोन आणि त्यात नावाचं पहिलं अक्षर. "समजलं का?" विचारलं की तीच दोन-तीन मुलं "हो टीचर" म्हणतात, बाकी सगळे चिडीचूप. वर्गात मला हे विचारावंच लागायचं नाही, बाकांमधून फिरताना कुणाची पेन्सिल कुठे थांबलीये ते दिसायचं, कुणी शेजारच्याच्या वहीत डोकावतंय ते दिसायचं, त्यावरून कळायचं की इथे गाडी अडलीये.

आता विषमच्छेद अपूर्णांकांची बेरीज चालू आहे. काल एका मुलीने वहीचा फोटो पाठवला, १/२ + १/३ = २/५. सुंदर अक्षर, समास आखलेला, उत्तराखाली रेघ, आणि पानभर सगळी गणितं अशीच, वरचं वर मिळवलंय आणि खालचं खाली. ही मुलगी एकही तास चुकवत नाही हो! म्हणजे सगळा वेळ ती ऐकत होती आणि डोक्यात भलतंच पक्कं होत होतं. मला ते फार लागलं.

कॅमेरे सक्तीचे करा असं आम्हाला सांगताहेत. मला ते पटत नाही, पण मग दुसरं काय करायचं तेही सुचत नाही. शिवाय बऱ्याच घरांत एकच फोन आहे. ज्यांनी असं शिकवलंय किंवा शिकलंय त्यांनी प्लीज सांगा, अगदी बारीकसारीक सांगितलं तरी चालेल.

उजळणी
ताई, मी विज्ञान आणि गणित दोन्ही शिकवतो, आणि माझं मत स्पष्ट आहे, "समजलं का" हा प्रश्नच ऑनलाइन तासातून काढून टाका. वर्गातसुद्धा त्याचं उत्तर खरं येत नाही, फरक एवढाच की तिथे तुम्हाला वह्या दिसतात म्हणून निभावून जातं. प्रत्येक मुलाला काहीतरी लिहायला लावणं हाच इथे मार्ग, चेहरा बघून काही कळत नाही.

मी काय करतो सांगतो. एक प्रश्न टाकतो, पर्याय चार, आणि मुलांना सांगतो की उत्तराचं एकच अक्षर चॅटमध्ये टाइप करून ठेवा पण पाठवायचं नाही. सगळ्यांना पुरेसा वेळ देतो आणि मग म्हणतो "सोडा". एकदम सगळी उत्तरं पडतात, कुणाला कुणाचं बघून लिहायला वेळच मिळत नाही. झूममध्ये चॅट फक्त होस्टला दिसेल अशी सेटिंगही आहे, लाजऱ्या मुलांसाठी ती फार उपयोगी पडते.

आता खरी मेहनत पर्यायांमध्ये. तुमचंच गणित घ्या, १/२ + १/३. पर्याय असे द्या: अ) २/५ ब) ५/६ क) १/६ ड) २/६. "अ" आलं तर मूल वरचं वर, खालचं खाली मिळवतंय. "क" आलं तर बेरजेच्या जागी गुणाकार केलाय. "ड" आलं तर लसावि ६ बरोबर काढलाय, छेदही ६ केलाय, पण अंश बदलायचे राहिलेत, म्हणजे ते मूल अर्ध्या वाटेवर पोचलेलं आहे आणि त्याला पहिल्यापासून शिकवायची गरजच नाही. चुकीचं उत्तर कुठल्या विचारातून आलं हे त्या अक्षरावरूनच कळतं, आणि बाकांमधून फिरताना तुम्ही नेमकं हेच बघत होतात ना.

त्या मुलीसाठी एक सांगू का, तिला नियम परत सांगू नका. तिला विचारा, २/५ मोठं की १/२ मोठं? ती चित्र काढेल नाहीतर दशांशात करेल, ०.४ आणि ०.५, कसंही करू दे. मग विचारा, अर्ध्यात आपण आणखी काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं? इथे थांबा. पुढचं तिला बोलू द्या.

थांबण्यावरून आठवलं, मेरी बड रो नावाच्या संशोधक होत्या, त्यांनी १९७० च्या दशकात वर्गांचं रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलं जास्त बोलतात, नीट कारण देऊन बोलतात, एरवी गप्प असणारी पण तोंड उघडतात. ऑनलाइनला तर आवाज पोचायला वेळ, म्यूट काढायला वेळ, त्यात मूल आधीच बिचकलेलं, म्हणजे इथे त्याहून कितीतरी जास्त थांबायला हवं. ती शांतता आपल्याला खूप लांब वाटते पण ती मोडू नका.

मधली_सुट्टी
मी शिक्षक नाही, आई आहे. दोन मुलं आणि एक फोन, म्हणून लिहितेय.

टीचर, आमच्याकडे दोघांचे तास एकाच वेळी आले की एकाचा बुडतो, सरळ आहे. आणि बहुतेक वेळा धाकट्याचा बुडतो कारण मोठ्याच्या परीक्षा. ज्याचा बुडतो तो पुढच्या तासाला बसतो पण त्याला काही कळत नाही, मग कॅमेरा बंद, आवाज बंद, आणि शिक्षकांना वाटतं मुलाचं लक्ष नाही. आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका बाईंच्या पद्धतीचा. त्या तासाआधी वहीच्या पानाचा एक फोटो पाठवायच्या, स्वतःच्या हाताने सोडवलेलं एकच गणित, आणि सोबत तीनेक मिनिटांची व्हॉइस नोट, "आता दुसऱ्या ओळीकडे बघ, इथे मी छेद का बदलला?" असं बोट धरून नेणारी. फोटो आणि आवाज, बस. हे रात्री फोन मोकळा झाला की बघता येतं, थांबवता येतं, तीनदा ऐकता येतं. आणि डेटा किती कमी! ग्रुप व्हिडिओला तासाला एक जीबी सहज जातो, ती तीन मिनिटांची व्हॉइस नोट एखाद एमबीच्या आतबाहेर असते. महिनाअखेरीला पॅक संपत आलेला असतो तेव्हा हा फरक फार मोठा असतो.

आणि एक विनंती. वेळापत्रक आधी कळवा आणि मग बदलू नका. ऐनवेळी तास पुढे ढकलला की शिक्षकांना ते दहा मिनिटांचं वाटतं, पण आमच्या घरात कुणाला फोन कधी मिळणार याची सगळी घडी विस्कटते.

खिडकीजवळची
मी २०२० ला आठवीत होते, पूर्ण वर्ष ऑनलाइन काढलंय, त्यामुळे काळ्या चौकोनाच्या पलीकडून सांगते.

कॅमेरा बंद ठेवण्याची कारणं बऱ्याचदा अभ्यासाशी संबंधितच नसतात. मागे घर दिसतं, कुणीतरी येतं-जातं, कधी कपडे तसेच असतात, कधी घरात भांडण चालू असतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्वतःचाच चेहरा सतत समोर दिसत राहतो, मी अख्खा तास माझे केस बघत बसायचे. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये यावर लेख लिहिलाय, व्हिडिओ कॉलने माणूस का थकतो याची त्यांनी चार कारणं मांडलीत, त्यात स्वतःला सतत आरशात बघितल्यासारखं होणं हे एक आहे, आणि एकाच जागी चौकटीत बसून राहावं लागणं हे आणखी एक. त्यामुळे कॅमेरा चालू ठेवायला सांगणारच असाल तर निदान स्वतःचा व्हिडिओ स्वतःला दिसू नये ही सेटिंग मुलांना दाखवून द्या, झूममध्ये आहे ती.

दुसरं म्हणजे टीचर, "हो" म्हणणारी ती दोन-तीन मुलं असतात ना, त्यांच्यामुळे बाकीच्यांना अजूनच गप्प बसावंसं वाटतं. आपल्यालाच कळलं नाहीये असं वाटतं. वर्गात मी शेजारणीला हळूच विचारायचे, "ए हे कसं आलं गं?", ऑनलाइनला ते हळूच विचारणंच गेलं. आमच्या एका सरांनी आम्हाला चार-चार जणांच्या ब्रेकआउट रूममध्ये (त्याच मीटिंगमधल्या छोट्या वेगळ्या गटांत) सोडायला सुरुवात केली आणि तीच चार मुलं कायम ठेवली, दरवेळी नवीन नाही. पहिल्या आठवड्यात आम्ही नुसते गप्प बसायचो. नंतर बोलायला लागलो. माझं बीजगणित त्या चौघांत सुटलंय, खरंच सांगते.

पाटी_पेन्सिल
मला थोडं वेगळं म्हणायचंय. मी पहिली-दुसरीला शिकवते, तिथे कॅमेऱ्याशिवाय नाही भागत. सहा वर्षांचं मूल अक्षर कुठून सुरू करतं, पेन्सिल कशी धरतं, हे फोटोत कळत नाही, फोटोत झालेलं अक्षर दिसतं. "क" सुबक दिसतो पण त्याने तो उलटीकडून गिरवलेला असतो. त्यामुळे सरसकट "कॅमेऱ्याची गरज नाही" म्हणू नका हो.

पण मी चेहरा नाही मागत. फोन दोन पुस्तकांच्या थप्पीवर आडवा ठेवायचा, थोडा पुढे आलेला, कॅमेरा खाली वहीकडे, की हात आणि पान दिसलं पाहिजे. घरही दिसत नाही, लाजायचं कारण नाही, आणि मला जे हवं ते सगळं दिसतं. कोरी_वही ताई, तुमच्या सहावीलाही हे चालेल. मात्र सगळ्यांना एकदम नको, पाच-सहा मुलांचा गट, पंधरा-वीस मिनिटं, बाकीच्यांना त्या वेळात सोडवायला काम. मोठ्या वर्गात चाळीस हात बघणं शक्यच नाही.

रेडिओचा_खटका
इतिहासाचा माणूस आहे, थोडं विषयाला धरूनच सांगतो. शाळा बंद आणि शिक्षण दुरून हे २०२० लाच पहिल्यांदा झालं असं नाही. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये शिकागोत पोलिओची साथ होती, शाळा उघडल्याच नाहीत, तेव्हा तिथे तिसरी ते आठवीच्या तीन लाखांहून जास्त मुलांसाठी रेडिओवर पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ सुरू केले. वर्तमानपत्रात रोज वेळा, प्रश्न, काय वाचायचं ते छापून यायचं. आणि मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती म्हणजे शिक्षकांची एक टीम फोनवर बसवली होती, पालक फोन करून अडलेलं विचारायचे. तक्रारी पण आपल्यासारख्याच होत्या, पाठ फार भरभर जातो, मध्ये थांबवता येत नाही, काहींच्या घरी रेडिओ नीट लागत नाही.

बघा ना, समजावून सांगणं एकतर्फी होऊ शकतं हे त्यांना कळलं होतं, पण अडलेलं सोडवायला दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. आपण आज नेमकं उलट करतोय, दोन्हीकडून बोलता येतं असं साधन हातात आहे आणि त्यावर चाळीस मिनिटं भाषण देतोय. समजावणं रेकॉर्ड करा, छोटं करा (२०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटवरच्या लाखो व्हिडिओ सेशन्सचा अभ्यास झाला होता, त्यात सहा मिनिटांच्या पुढे लोक टिकत नाहीत असं दिसलं, आणि ते तर स्वतःहून शिकायला आलेले लोक), आणि लाइव्ह वेळ पूर्ण मुलांच्या बोलण्याला आणि सोडवण्याला ठेवा.

कोरी_वही
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. उजळणी सर, तुमचे चार पर्याय आज वापरले. ब चांगले आले, अ पण बरेच आले, पण ड पडले ते बघून मी थक्क झाले, कारण ती मुलं अशी आहेत ज्यांना काहीच येत नाही असं मी धरून चालले होते, आणि त्यांचा लसावि तर बरोबर होता! त्या मुलीशी संध्याकाळी फोनवर बोलले, २/५ आणि १/२ विचारलं. बराच वेळ काही बोलली नाही, मी पण थांबले, मग म्हणाली "टीचर, कमी कसं होईल?" आणि स्वतःच चित्र काढायला लागली.

मधली_सुट्टी, उद्यापासून आदल्या रात्री फोटो आणि व्हॉइस नोट पाठवणार, आणि तासाची वेळ आता बदलणार नाही.

एकच प्रश्न राहिला. रोज चाळीस वह्यांचे फोटो आले तर तपासायचे कसे? लाल शेरा मारून परत पाठवायचं म्हटलं तर मध्यरात्र होते.

उजळणी
ताई, सगळे तपासू नका. पानभर गणितं मागवूच नका मुळात, रोज एकच मागवा, पण सगळ्या पायऱ्यांसकट, आणि शेवटी एक ओळ स्वतःच्या शब्दांत, "मी हे असं का केलं". मग फोटो नुसते चाळायचे आणि तीन फोल्डर करायचे, जमलंय, अर्धं जमलंय, अजिबात नाही. गुण नाही, शेरा नाही. शेवटच्या फोल्डरमधल्यांना पाटी_पेन्सिल म्हणतात तशा छोट्या गटात घ्यायचं, मधल्यांना एक सामायिक व्हॉइस नोट, कारण त्यांची चूक बहुतेक एकाच जातीची असते. जमलेल्यांना पुढचं गणित.

आणि तोच प्रकार चार-पाच दिवसांनी आकडे बदलून परत विचारा, न सांगता. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्याने बघितलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. म्हणून आज बरोबर आलेलं मी धरतच नाही, पुढच्या आठवड्यात आलं तर धरतो.

पाटी_पेन्सिल
फोटोबद्दल एक. मुलांना सांगा फोन वहीवर सरळ वरून धरायचा, उजेड समोरून किंवा बाजूने, मागून आला की स्वतःचीच सावली पानावर पडते. पेन्सिल फिकट असेल तर त्या एका गणितापुरतं पेन वापरू द्या. आणि पानाच्या कोपऱ्यात नाव, कारण एका फोनवरून दोन भावंडं पाठवतात तेव्हा वही कुणाची तेच कळत नाही.