न ठरवता भटकण्याचं कौतुक जरा पुरे

डोंगरवेडी:
परवा इथे एकाने लिहिलं की मित्रांबरोबर पाठीवर सॅक टाकून फिरताना एक दिवस काहीच ठरवलं नव्हतं, दिसेल त्या वाटेने चढत गेलो, आणि तोच सगळ्या प्रवासातला सर्वांत सुंदर दिवस ठरला. इथवर माझी तक्रार नाही. पण शेवटी 'आखून चालणारे डोंगर बघत नाहीत, घड्याळ बघतात' असं जे लिहिलंय ते डोक्यात गेलं. दोन दिवस गप्प बसले, आता लिहिते.

असा दिवस माझ्याही वाट्याला आलाय. चौघं होतो. मुक्कामामागे टेकाड दिसत होतं, तासाभरात जाऊन येऊ म्हणून निघालो. सॅका तंबूत, चौघांत मिळून एक बाटली पाणी. टेकाडावरून मागची धार दिसली, मग धारेवर. धारेवरून तळं दिसलं, मग तळ्यावर. दर वेळी "एवढं आलोच आहोत तर". परत फिरलो तेव्हा उन्हं उतरली होती, आणि जाताना सरळ वाटलेली वाट आता तीन ठिकाणी फुटत होती. जाताना एकदाही कुणी मागे वळून बघितलं नव्हतं. अंधारात घसाऱ्यावरून उतरताना वरच्याच्या पायाखालचा दगड सुटला तो थेट माझ्या गुडघ्यावर. हेडलॅम्प एकाकडेही नाही. मोबाइलचा उजेड धरायचा तर एक हात अडकतो, आणि घसाऱ्यावर दोन्ही हात लागतात. पाच टाके पडले.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली साधा हिशोब सांगून ठेवलाय: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास, वर चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. त्या टेकाडावर बसून दोन मिनिटं तोंडी आकडेमोड केली असती तर तळ्याचा विचारच सोडला असता. बाकी तिघं तो दिवस अजून 'भारी' म्हणून सांगतात.

उनाड:
ते वाक्य माझं आहे आणि मी ते मागे घेत नाही. गुडघ्याचं वाईट वाटलं, मनापासून. पण दिवा नाही, पाणी नाही, ही तयारीची चूक झाली. तयारी वेगळी, आखणी वेगळी. आमच्याकडे दिवे होते, पाणी होतं, नव्हतं ते फक्त 'कुठे पोचायचं'. म्हणून तर ओढ्याकाठी थांबलो. एक गुबगुबीत पक्षी दगडावर उभा राहून खालीवर डुलत होता. डुलता डुलता सरळ पाण्यात शिरला आणि तळाशी चालत किडे शोधायला लागला! डिपर. पाऊण तास आम्ही हललो नाही. संध्याकाळचा मुक्काम गाठायचा असता तर पाच मिनिटांत कुणीतरी "चला" म्हटलं असतं. ही गोष्ट तुमच्या नेस्मिथच्या हिशोबात कुठे बसते सांगा.

नकाशेवाला:
बसते की. पाऊण तास मिळवायचा, झालं.
आणि घरून निघताना कुणाला तरी सांगून निघावं, एवढी तरी आखणी लागतेच. ॲरन राल्स्टन हा अमेरिकन गिर्यारोहक २००३ मध्ये युटामधल्या ब्लू जॉन कॅन्यनमध्ये गेला तेव्हा कुठे जातोय हे कुणालाच माहीत नव्हतं. सुटलेल्या दगडाखाली हात अडकला, पाच दिवसांनी स्वतःचा हात कापून बाहेर पडला. तो काही नवखा नव्हता.

उनाड:
तो एकटा होता. मी मित्रांबरोबरच्या दिवसाबद्दल लिहिलंय. सोबत असली की माणसं एकमेकांना सांभाळतात.

सावकाश:
हे वाचून राहवलं नाही. मी प्रत्येक ग्रुपमध्ये शेवटची असते. सांभाळणं कसं असतं ते ऐका. पुढचे वर पोचतात, सॅका उतरवतात, पाणी पितात, फोटो काढतात. मी धापा टाकत पोचते आणि "चला, आली एकदाची" म्हणून सगळे उठतात. त्यांना पंधरा मिनिटं विश्रांती, मला एक मिनिटही नाही. दिवसभर हेच. न ठरवलेल्या दिवशी तर त्याहून वाईट, कारण पुढच्या धारेवर जायचं की परत फिरायचं हे मी पोचायच्या आधीच ठरलेलं असतं. ज्याला तुम्ही 'काही ठरवलं नव्हतं' म्हणता ना, तिथे सगळं ठरलेलं असतं, फक्त सर्वांत जोरात चालणाऱ्याने ठरवलेलं असतं.

पुढचा_पाय:
म्हणजे आता दमसास कमावला तोही गुन्हा? मी सहा महिने जिने चढून निघतो. ज्यांनी काही केलं नाही त्यांच्यासाठी दर वळणावर उभं राहायचं, घाम अंगावर गार होतो, पाय आखडतात. माझाही प्रवास आहे तो. हळू चालणाऱ्यांनी आपला वेग आधी सांगावा.

सावकाश:
सांगितला होता. दर वेळी सांगते. "अगं, होईल" असंच उत्तर मिळतं. घाम गार होतो तर थांबल्याबरोबर जॅकेट घाला, तुमच्या सॅकमध्येच आहे ते. मला थांबायलाच मिळत नाही त्याचं काय करू?

डोंगरवेडी:
पुढचा_पाय, जिने चढता हे चांगलंच आहे, पण तुम्ही मित्रांबरोबर निघालाय की शर्यतीला? सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढून दुसरं ठेवायचं, पुढचा त्याच्या चालीने चालतो. जो सर्वांत दमदार तो शेवटी. त्याला वैताग येईल, येऊ दे.

पुढचा_पाय:
शर्यत वगैरे शब्द वापरू नका. तुम्ही मला ओळखत नाही.

नकाशेवाला:
जरा दमानं. फाट्यावर थांबायचं, एवढा एक नियम सगळ्यांना मान्य व्हायला हरकत नसावी. मागचा दिसल्याशिवाय फाटा सोडायचा नाही.

पुढचा_पाय:
तो नियम मला शिकवू नका. मी एकदा मोडलाय. गर्द झाडी होती, आभाळ भरलेलं, मी पुढे निघून गेलो. मागचा मित्र फाट्यावरून ढोरवाटेला लागला. दोन तास हाका मारत फिरलो. त्याच्या सॅकच्या पट्ट्यालाच शिट्टी होती, पण संकटात मिनिटाला सहा शिट्ट्या वाजवायच्या आणि मिनिटभर थांबून पुन्हा वाजवायच्या, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. सापडला तेव्हा म्हणाला, मी सरळच चालत होतो. जिथून भरकटला होता तिथून हाकेच्या अंतरावर होता.

नकाशेवाला:
असंच होतं. यान सौमान या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जंगलात आणि वाळवंटात माणसांना सरळ चालायला लावून बघितलं. सूर्य दिसत होता तोवर ठीक, ढगाळ जंगलात माणसं गोल फिरून आपलीच वाट ओलांडत होती, आणि त्यांना पत्ता नव्हता. म्हणून हरवलं की जागेवर बसायचं.

पुढचा_पाय:
बरं. दुसऱ्या नंबरचं मान्य. पण दर वळणावर फोटोसाठी थांबणाऱ्यांना हळू चालणारे समजायचं नाही, तेवढं माझं कायम आहे.

सावकाश:
मी फोटो काढतच नाही. त्यासाठी दम उरावा लागतो.
उनाड, तुमच्यात शेवटी कोण होतं त्या दिवशी? त्याला विचारलंत कधी?

उनाड:
विचारायची काय गरज, तो आमच्यासोबत हसतच होता.

सावकाश:
मीही हसते.

उनाड:
काल रात्री फोन केला त्याला. आधी "मस्त होता रे दिवस" म्हणाला. मग खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, दुसऱ्या चढालाच परत फिरावंसं वाटत होतं, टाचेला फोड आला होता, पण मी पोचेपर्यंत तुम्ही पुढची धार पक्की केलेली असायची. ओढ्याकाठचा पक्षी आठवतो का विचारलं, तर म्हणाला, पक्षी नीट बघितलाच नाही. त्या पाऊण तासात बूट काढून पाय पाण्यात सोडून बसलो होतो, दिवसभरात तेवढंच बसायला मिळालं.
घड्याळाचं वाक्य मी काढून टाकलंय. दिवस सुंदर होता, हे ठेवतोय.