मदत हवी आहे: आईची दाढ काढायचीय, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, समजून घ्या.

आईची (वय ६८) उजवीकडची खालची दाढ पार पोखरलीय, एका बाजूची भिंतच तुटून पडलीय. दोन महिने एकाच बाजूने चावतेय, रात्री गालाला हात लावून पलंगावर बसलेली असते आणि विचारलं की म्हणते काही नाही गं, झोप तू. डेंटिस्टनी एक्सरे बघून सांगितलं की रूट कॅनाल करण्यासारखं काही उरलं नाही, काढावीच लागेल. गुरुवारची वेळ मिळालीय.

पण ७ महिन्यांपूर्वी तिची अँजिओप्लास्टी झालीय, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत. शेजारच्या काकू म्हणतात ५ दिवस आधी बंद कर नाहीतर रक्त थांबायचं नाही. करू का बंद? आणि काढल्यावर काय काय सांभाळायचं?

उत्तर:
ताई, गोळ्या आपल्या मनाने अजिबात बंद करू नका!! स्टेंटमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवतात त्या जाळीत, गुठळी झाली तर जिवावर बेतेल, हिरडीतलं रक्त मात्र दाबून धरून, टाका घालून थांबवता येतं. हार्टच्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि ते काय म्हणतात ते डेंटिस्टना लेखी द्या.

माझ्या वडिलांचीही दाढ अशाच गोळ्या चालू असताना काढली. गॉझचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा, सारखा काढून बघायचा नाही, आम्ही तीच चूक केली. रात्री उशीवर गुलाबी डाग बघून माझे हातपाय गळाले होते, पण थुंकीत मिसळलं की थोडंसं रक्तही खूप वाटतं. पहिला दिवस तसं चालतं, मात्र दाबून धरूनही तोंड भरून येत राहिलं तर लगेच दवाखाना गाठायचा.

२४ तास चूळ भरायची नाही, जोरात थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. खड्ड्यात रक्ताची जी गुठळी धरते तीच खालच्या हाडाला झाकते, ती निघाली की ड्राय सॉकेट होतं, म्हणजे दोन-तीन दिवसांनी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतं आणि ठणका पार कानापर्यंत जातो. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या. सूज दोन-तीन दिवस वाढतच जाते, त्याने घाबरू नका, पण ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळायला त्रास झाला तर थांबू नका. आणि दुखण्याची गोळी डॉक्टर सांगतील तीच, घरात पडलेली कुठलीही नको.

अजून एक, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही घेतात का त्या? विचारून बघाच, त्यातल्या काही औषधांनी दाढ काढल्यावर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो.

धागाकर्ती:
मनापासून आभार. हार्टच्या डॉक्टरांशी बोलले, गोळ्या बंद करायच्या नाहीत म्हणाले, ते स्वतः डेंटिस्टना फोन करणार आहेत.

आणि तुमचं वाचून आईचा गोळ्यांचा डबा उघडला तर रविवारच्या खणात एक जास्तीची गोळी! आठवड्यातून एकदाच असते म्हणून आम्ही कुणाला सांगितलीच नव्हती, हाडांचीच निघाली. डेंटिस्टना कळवलं तर पहिला प्रश्न, किती वर्षं घेतायत? आईला आठवत नाहीये, आता सगळ्या जुन्या फायली पसरून बसलेय.