जर्मनीतली जुनी शहरं, एकटीने आणि रेल्वेने: तिकीट कोणतं, मुक्काम किती?

कुशावती, मडगाव

चवथ झाल्यावर जर्मनी करायचं ठरलंय, एकटीने. ९ ऑक्टोबरला शुक्रवारी पहाटे फ्रँकफर्ट विमानतळावर उतरणार आणि १८ ला रविवारी दुपारी म्युनिकहून परत. मोठी शहरं नकोत, जुनी गावं बघायची आहेत. कच्चा आराखडा असा: वुर्त्सबुर्ग २ रात्री, रोटेनबुर्ग १, बाम्बेर्ग २, न्युर्नबेर्ग २, रेगेन्सबुर्ग २.

प्रश्न तीन. रेल्वे पास घ्यावा, सुटी तिकिटं काढावीत की ते महिन्याचं तिकीट? एवढे मुक्काम बदलणं जमेल का? आणि संध्याकाळी मधल्या एखाद्या छोट्या स्टेशनावर पुढची गाडी चुकली तर एकट्या बाईने काय करायचं?

मांडवीकाठ

ताई, तिकिटाचं उत्तर तुमच्या तारखांमध्येच आहे. सगळा प्रवास ऑक्टोबरमध्येच संपतो, त्यामुळे डॉइचलँड-टिकेट घ्या. जानेवारी २०२६ पासून ते महिन्याला ६३ युरो आहे. त्यात देशभरातल्या आरई, आरबी, एस-बान या सगळ्या प्रादेशिक गाड्या येतात, शिवाय शहरातल्या ट्राम, बस आणि मेट्रोही. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या मात्र येत नाहीत. तुमच्या यादीतल्या गावांना त्यांची गरजही नाही.

दोन गोष्टींत लोक फसतात. पहिली, हे तिकीट म्हणजे वर्गणी आहे. ते १ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत चालतं आणि बंद करायचं असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावं लागतं. विसरलात तर नोव्हेंबरचेही ६३ युरो कापले जातील. तुम्ही ९ ला उतरणार आणि त्या गडबडीत १० तारीख निघून जाईल, म्हणून गोव्यातूनच खरेदी करा आणि ऑक्टोबर लागायच्या आधीच रद्द करण्याची नोंद करून टाका. रद्द केलं तरी चालू महिना संपेपर्यंत तिकीट चालतं. दुसरी गोष्ट, बरेच विक्रेते युरोपातलं बँक खातं मागतात. काही शहरांच्या परिवहन संस्थांची ॲप क्रेडिट कार्ड घेतात, त्यांच्याकडून घ्या. तिकीट कुठल्याही शहराच्या ॲपमधलं असलं तरी चालतं देशभर.

तिकीट फोनमध्ये असतं आणि तपासनीस आल्यावर पासपोर्टसकट दाखवायचं. गाडीत चढण्याआधी ते फोनवर उघडून बघा. बॅटरी संपली तर तुम्ही विनातिकीट धरल्या जाता, दंड ६० युरो. स्टेशनावर अडवणारं फाटक नसतं, त्यामुळे चूक गाडी सुटल्यावरच कळते. पॉवर बँक पर्समध्ये ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

बायर्न-टिकेटचा सल्ला कोणी देईल. ते बायर्न, म्हणजे बव्हेरिया राज्यापुरतं, एका दिवसाचं असतं, सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच चालतं आणि पुढच्या पहाटे ३ वाजता संपतं. चौघांच्या गटाला ते स्वस्त पडतं. एकटीला दिवसाला तिशीच्या वर जातं, म्हणजे दोन दिवसांतच महिन्याच्या तिकिटाइतका खर्च झाला. शिवाय फ्रँकफर्ट हेसन राज्यात येतं, त्यामुळे पहिला प्रवास त्यात बसतच नाही. रेल पासही इथे वाया जाईल. पासाचा फायदा रोज तीन-चारशे किलोमीटर आयसीईने जाणाऱ्याला. तुमचे टप्पे एक ते तीन तासांचेच आहेत.

साळावली

तिकिटाबद्दल सहमत. पण पाच मुक्काम जास्त होतात. प्रत्येक मुक्काम बदलताना सकाळ सामान आवरण्यात जाते, आणि दुपारी तीनपर्यंत नवी खोली मिळत नाही. त्यातून बाम्बेर्ग आणि न्युर्नबेर्ग एकाच मार्गावर अगदी जवळजवळ आहेत. मी असं बसवेन:

वुर्त्सबुर्ग २ रात्री, रोटेनबुर्ग १, बाम्बेर्ग ४, रेगेन्सबुर्ग २. न्युर्नबेर्ग बाम्बेर्गहूनच करायचं. आरईने पाऊण तासाच्या आसपास, एस-बानने तासभर, आणि गाड्या रात्री उशिरापर्यंत असतात. न्युर्नबेर्गमध्ये व्यापारी प्रदर्शनं भरतात, त्या आठवड्यात खोल्यांचे दर एकदम चढतात. बाम्बेर्गमध्ये राहिलं की ती चिंता मिटते.

९ तारखेला विमानतळाच्या खालच्या रेगिओनालबानहोफवरून, म्हणजे प्रादेशिक गाड्यांच्या स्टेशनावरून, एस-८ किंवा एस-९ ने फ्रँकफर्ट हाउप्टबानहोफ हे मुख्य स्टेशन, पंधरा मिनिटं. तिथून आशाफेनबुर्गमार्गे आरईने वुर्त्सबुर्ग, दोन तासांच्या आत-बाहेर. विमानतळावर दोन स्टेशनं आहेत. आयसीईचं फेर्नबानहोफ वेगळं, त्या पाट्यांमागे जाऊ नका. सकाळच्या आयसीईचं स्वस्त, गाडीला बांधलेलं तिकीट काढायचा मोह होईल, तो टाळा. विमान उशिरा आलं तर ते पैसे गेले, कारण विमानाचा उशीर रेल्वेच्या हिशोबात धरला जात नाही.

वुर्त्सबुर्गला रेझिडेन्त्स हा राजवाडा स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर. बाल्थाझार नॉयमानने आखलेला तो जिना आणि त्यावरचं तिएपोलो या चित्रकाराने रंगवलेलं छत यासाठी सकाळचा पहिला तास राखा, गट यायच्या आत. १६ मार्च १९४५ च्या बाँबफेकीत शहर जळून गेलं, पण जिन्यावरची कमान टिकली आणि तिच्यासोबत ते चित्रही. खाली उभं राहून एकदा बघायचं आणि मग पायऱ्या चढत चढत पुन्हा, कारण चित्रातले पृथ्वीचे खंड पायऱ्यांगणिक एकेक करून समोर येतात.

बाम्बेर्गला चार रात्री मिळाल्या की डोंगरावरचं डोम, म्हणजे कॅथेड्रल, गर्दी नसताना बघता येतं. जुनं नगरभवन रेग्निट्स नदीच्या मधोमध पुलावर उभं आहे, ते सकाळी आणि संध्याकाळी वेगळं दिसतं. १९९३ पासून हे गाव जागतिक वारसा यादीत आहे, आणि युद्धात फार नुकसान न झाल्यामुळे बघता ते बहुतेक मूळचंच आहे. न्युर्नबेर्गचं तसं नाही. २ जानेवारी १९४५ ला जुनं शहर जवळजवळ सगळं पडलं आणि पुढे पुन्हा बांधलं गेलं. दोन्ही पाठोपाठ बघितलीत तर फरक डोळ्यांना कळू लागतो.

न्युर्नबेर्ग सोमवारी नको. त्या दिवशी रेल्वे संग्रहालय आणि गेर्मानिशेस नात्सिओनालम्युझेउम हे राष्ट्रीय संग्रहालय दोन्ही बंद. जर्मनीतली पहिली वाफेची गाडी ७ डिसेंबर १८३५ ला न्युर्नबेर्ग ते फ्युर्थ धावली, आपल्या मुंबई–ठाण्याच्या सतरा वर्षं आधी. रेल्वेने फिरणाऱ्याने ते संग्रहालय चुकवू नये.

शापोरा

आता गाडी चुकण्याबद्दल. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर आल्या त्या ६२.५ टक्के, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर तिकडे वेळेवरच धरतात. प्रादेशिक गाड्या बऱ्याच बऱ्या, पण जोडगाडी चुकणं हे नेहमीचंच समजा आणि आखणी त्या हिशोबाने करा.

जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर ॲपमध्ये गाडी बदलायचा किमान वेळ ठरवता येतो. आपोआप येणारी ५–६ मिनिटं नकोत, १५ ठेवा. तिथेच डॉइचलँड-टिकेट चालणाऱ्या गाड्यांचाच शोध लावा, नाहीतर ॲप मधेच आयसीई घालतं आणि त्यात बसलात तर पूर्ण भाडं. आयसीईचं वेगळं तिकीट असेल आणि पोचायला २० मिनिटांहून जास्त उशीर दिसत असेल तर गाडीचं बंधन सुटतं, दुसऱ्या गाडीने जाता येतं. तासाभराच्या उशिराला भाड्याचे २५ टक्के आणि दोन तासांना ५० टक्के परत मिळतात. डॉइचलँड-टिकेटवर मात्र उशीर झाला म्हणून आयसीईत चढता येत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

एकट्या माणसाने शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी धरावी, हा नियम पाळा. शेवटची चुकली तर टॅक्सी किंवा खोली. आधीची चुकली तर फक्त तासभर बसणं.

फलाटावर तीन गोष्टी बघा. एक, फलाट बदलला का. ग्लाइस म्हणजे फलाट, आणि शेवटच्या पाच मिनिटांतही तो बदलतो. फलकावर किंवा घोषणेत फेल्ट आउस आलं की गाडी रद्द. दोन, फलाटाचे ए, बी, सी असे भाग. डबे कुठे थांबतील ते फलकावर दाखवतात, आखूड गाडी लांब फलाटाच्या मध्येच थांबते. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: बायर्नमध्ये बऱ्याच आरई वाटेत दुभंगतात, पुढचे डबे एका गावाला आणि मागचे दुसऱ्या. गाडी बरोबर आणि डबा चुकीचा, असं होतं. डब्याच्या बाहेर आणि आत त्या डब्याचं शेवटचं स्थानक लिहिलेलं असतं, बसायच्या आधी ते वाचा.

दरवाजा आपोआप उघडत नाही, बटण दाबायचं. लहान थांब्यांवर आतून थांबायची खूण द्यावी लागते, नाहीतर गाडी तशीच पुढे जाते.

कोकण रेल्वेच्या सवयीने आरक्षण शोधू नका. आरई, आरबीत आरक्षण नसतंच. तिकडे तिकीट म्हणजे प्रवासाचा हक्क, जागेचा नाही. प्रतीक्षा यादी हा प्रकारच नाही, गर्दी असली तर उभं राहायचं.

आणि निघायच्या आठवडाभर आधी प्रत्येक टप्पा ॲपमध्ये पुन्हा तपासा. तिकडे एखादा मार्ग दुरुस्तीसाठी काही महिने पूर्ण बंद ठेवतात आणि बदली बस सोडतात. बस स्टेशनाच्या दारात नाही, बाजूच्या चौकात लागते, आणि तिला वेळ दीडपट-दुप्पट.

कुशावती, मडगाव

देव बरें करूं. बाम्बेर्गला चार रात्री, पटलं. पण मग रोटेनबुर्गला एका रात्रीसाठी बॅग न्यावी का? वुर्त्सबुर्गहून दिवसात जाऊन येता येईल ना? आणि पैशांचं कसं करायचं?

साळावली

जाऊन येता येतं, सव्वा तासाचा रस्ता. तरी रात्र तिथेच काढा. दिवसभर बसगाड्यांनी गल्ल्या भरतात आणि संध्याकाळी पाच-सहाला सगळे निघून जातात. तटबंदीवरची छपराखालची वाट आहे, ती तेव्हा आणि सकाळी आठाच्या आत चाला. गावाचं खरं रूप त्या दोन वेळांनाच दिसतं. ३१ मार्च १९४५ च्या बाँबफेकीनंतर तटाची पडझड देशोदेशीच्या देणग्यांनी बांधली गेली. भिंतीत देणगीदारांची नावं कोरलेली आहेत, ती वाचत चालावं.

ॲपमध्ये नाव टाकताना ओब डेर टाउबर (टाउबर नदीवरचं) असलेलंच निवडा. याच नावाची आणखी गावं आहेत, एक फुल्डा नदीवर आणि एक थेट उत्तरेला ब्रेमेनजवळ. गाडी वुर्त्सबुर्गहून श्टाइनाखपर्यंत, तिथे बदलून छोट्या आरबीने पंधरा मिनिटं. श्टाइनाख म्हणजेच तुमचं ते मधलं छोटं स्टेशन. तिथे रात्री उघडं असं काही नसतं, म्हणून अंधार पडायच्या आत पलीकडे पोचा. मध्य ऑक्टोबरात सूर्य साडेसहाच्या सुमाराला मावळतो. पुढे रोटेनबुर्ग ते बाम्बेर्ग पुन्हा श्टाइनाख आणि वुर्त्सबुर्ग असं दोनदा बदलून, अडीच-तीन तास धरा.

बॅग हा तुमच्या प्रवासाचा निम्मा प्रश्न आहे. दहा किलोच्या वर नको. गल्ल्यांत दगडी फरसबंदी असते, तिच्यावर लहान चाकं अडकतात आणि ओल्या दगडावर बॅग कलंडते. लिफ्ट बंद असेल तर जिन्याने उचलावीच लागते. मोठ्या स्टेशनांवर नाण्यांचे लॉकर असतात, १ आणि २ युरोची नाणी जवळ ठेवा. रोटेनबुर्गच्या लॉकरवर विसंबू नका, बॅग सरळ गेस्टहाउसात द्या.

झुआरी_वास्को

पैसे: यूपीआयवर विसंबू नका. भारतीय कार्डांवर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या ॲपमधून ते निघण्याआधी चालू करा. ओटीपीचा एसएमएस तिकडे पोचायला हवा, म्हणून भारतीय सिमचं रोमिंग सुरू ठेवा आणि डेटासाठी वेगळं ई-सिम घ्या. हे न केल्यामुळेच बहुतेकांचं तिकीट शेवटच्या पायरीवर अडकतं. छोट्या बेकरीत आणि हॉटेलात फक्त जर्मन बँकेचं कार्ड किंवा रोख घेतात. शंभरेक युरो रोख बाळगा.

लहान गेस्टहाउसचं कार्यालय संध्याकाळी सहाला बंद होतं. उशीर होणार असेल तर दुपारीच फोन करा, किल्ली पेटीत ठेवून ते आकडे कळवतात. फोन केला नाही तर दार बंद, आणि ती रात्र बाहेर.

रविवारी दुकानं बंद. स्टेशनातली उघडी असतात. तुमचा ११ तारखेचा रविवार प्रवासाचा आहे, तेव्हा शनिवारी संध्याकाळीच पाणी-फळं घेऊन ठेवा. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये बाटली टाकली की परत मिळते.

व्हिसासाठी विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरो लागतं, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मुक्काम बदलणार असाल तर अर्जाआधीच बदला, कारण खोल्यांची नोंदणी त्यात जोडावी लागते. पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर यातलं काहीच लागत नाही.

आणखी एक. बाम्बेर्गच्या नैर्ऋत्येला आइशग्रुंडची तळी आहेत, तिथला कार्प मासा नावाजलेला. आपल्याकडे जून-जुलैत ट्रॉलर किनाऱ्याला लागतात तसा त्यांचाही हंगाम असतो, सप्टेंबर ते एप्रिल. अर्धा मासा पिठात घोळवून तळून देतात. काटे खूप, सवकाश खावा.

मांडवीकाठ

परतीचं राहिलं. १८ तारखेला म्युनिक शहरात जाऊच नका. रेगेन्सबुर्गहून लांड्सहुट आणि फ्रायझिंगमार्गे थेट विमानतळापर्यंत आरई २२ आहे, सव्वा तासाच्या आसपास, आणि ती डॉइचलँड-टिकेटात बसते. विमानाच्या चार तास आधी पोचवणारी गाडी शोधा आणि तिच्याही आधीची पकडा. रविवारी काही गाड्या कमी असतात, म्हणून आदल्या रात्री ॲप बघा. सकाळी वेळ उरला तर स्टेशनच्या लॉकरमध्ये बॅग टाकून दगडी पुलापर्यंत जाऊन या, पंचवीस मिनिटांची चाल. ११३५ ते ११४६ या काळात बांधलेला तो पूल आता फक्त चालणाऱ्यांचा आणि सायकलींचा आहे, आणि पलीकडच्या काठावरून डोमचे दोन्ही मनोरे एका नजरेत येतात.