लोकसहभाग ठीक आहे, पण पत्र्यावर चढायचं कोणी?

तापीकाठचा: "उन्हाशी लढा, वस्तीचा वाटा" ही कालची पोस्ट रात्रभर डोक्यात फिरली (तशीही झोप कुठे येतेय). म्हणे झोपडपट्टीतल्यांनी पत्र्याला चुना मारावा, दारी निंब लावावा, नाला साफ ठेवावा. वर विचारतात, सगळं सरकारनेच करायचं का? २०२४ च्या मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात उन्हापायी कलम १४४ लावलं होतं, मजुरांना भर उन्हात राबवू नका म्हणून. ज्यांचं काम थांबलं त्यांचा रोज कोणी भरून दिला? आता त्याच माणसाने रविवारी फुकट श्रमदान करायचं. याला आमच्याकडे वेठ म्हणतात.

भरीतप्रेमी: पोस्ट माझीच. माझ्याकडे एसी नाही, कूलर आहे, तोही खडखडतो. वेठ हा शब्द मागे घ्या. अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यात माणसं गमावली, २०१३ मध्ये उष्णतेचा आराखडा केला, आणि तिथल्या वस्त्यांत बायकांनी पुढे होऊन पत्रे पांढरे करून घेतले. आणि खान्देशाला लोकसहभाग शिकवायचा? पांझरा नदीवर बंधारे घालून शेतांना पाळीने पाणी द्यायचे, ते फड कोणी चालवले? पाणी सोडणारा पाटकरी, पिकं राखणारा जागल्या, सगळे लोकांनीच नेमलेले.

साक्रीकर: फडाचं नाव काढलंत म्हणून बोलतो. फडात ज्याचं शेत त्याला पाणी, म्हणून तो बंधाऱ्याच्या डागडुजीला उभा राहायचा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचं तिथे काय आहे? पत्रा मालकाचा, जागा वादातली, उद्या नोटीस आली की चुन्यासकट सगळं खाली.

वाड्यातला: मुळात पत्राच चुकीचा. आपल्या बापजाद्यांनी धाबी, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं बांधली ती उगाच नाही. लाकडी सरे, वर मातीचा थर, पावसाळ्याआधी खारी (पाणी अडवणारी खारट माती) टाकली की झालं. मे महिन्यात दुपारी गोधडी घेऊन झोपायचो आम्ही.

साक्रीकर: गोधडी! भो, जरा कमी करा.

भरीतप्रेमी: धाब्याचं इथे काय? विषय वस्तीचा आहे.

तापीकाठचा: नाही, बोलू द्या. माझ्या आजीचं धाबं पावसात बसलं, रात्री दोनला. ती अंगणात होती म्हणून वाचली. दरवर्षी खारी टाकायला माणूस लागतो, तो आता सुरतेला गेलाय. वरून गळतं, उंदीर पोखरतात.

वाड्यातला: खारी टाकली नसेल. बसणारच.

तापीकाठचा: आजीवर येऊ नका.

वाड्यातला: आजीवर नाही, तुमच्यावर येतोय. गच्चीला स्लॅब टाकून काय मिळवलंत? दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकतो. पत्रा निदान रात्री लवकर निवतो.

भरीतप्रेमी: म्हणजे पत्रा बरा? वर तर चुकीचा म्हणालात.

वाड्यातला: रात्रीपुरता बरा. दिवसा तवाच.

पत्र्याखालची: तुम्ही सगळे भाऊ धाब्यावरच चढून बसलात. मी पत्र्याखाली राहते, म्हणून माझंही ऐका. दोन वर्षांपूर्वी एक संस्था आली, आमच्याकडे चुना मारून गेली. मीटिंग सकाळी अकराला ठेवली. आम्ही तेव्हा दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत असतो. आलं कोण? रिकामे पुरुष, तेही चहासाठी. चुन्यात चिकटवायला काही घातलं नव्हतं, पहिल्याच पावसात भिंतीवरून दूध वाहिल्यासारखा वाहिला. फोटो मात्र छान आले. पण खोटं बोलणार नाही, तो महिना दुपारी माझं लेकरू घरात झोपलं. आधी निंबाखाली न्यावं लागायचं.

तापीकाठचा: म्हणजे फायदा झाला.

पत्र्याखालची: झाला म्हणाले ना. तुमचंही खरंच आहे, फुकट कोण चढेल? माझा नवरा चढला, पत्र्यातून पाय गेला, आठ दिवस घरी. त्याचा रोज कोण देणार हे कोणी विचारलं नाही. आणि पाणी? निंब लावा म्हणता, तीन दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्यातलं निंबाला घालू की वरणाला?

भरीतप्रेमी: ...बरं. पोस्टमध्ये रोजाचं लिहायला हवं होतं. मान्य. (वेठ मात्र मान्य नाही.)

साक्रीकर: आली का गाडी रुळावर. सामान आणि मजुरी पालिकेची, कुठलं घर आधी हे वस्तीने ठरवायचं. फडातही पाळी ठरलेली असायची, मनाला येईल तेव्हा पाणी नाही.

वाड्यातला: धाबं तरी...

पत्र्याखालची: दादा, तुमच्या धाब्याला मी खारी टाकायला येईन, रोज घेऊन. भरीतवाले भाऊ, मीटिंग घ्यायचीच तर संध्याकाळी सातनंतर घ्या, आणि येताना चांगली शिडी आणा. आमच्याकडची मोडलेली आहे.