मदत हवी आहे: साठ उड्डाणं झाली, नकाशा मात्र डोक्यात बसत नाही

उडाणटप्पू

नमस्कार मंडळी. इथे फ्लाइट सिमवाले (संगणकावर विमान उडवण्याचा खेळ खेळणारे) बरेच आहेत असं जुने धागे चाळताना दिसलं, म्हणून विचारायचं धाडस करतोय. घाई असेल त्यांनी सरळ शेवटचा परिच्छेद वाचावा.

मुलगी सहावीत आहे. भूगोल म्हणजे तिच्या लेखी निव्वळ घोकंपट्टी, आणि तिला दोष तरी काय देऊ, मीही तसाच घोकून पास झालो. म्हटलं, पाठ करण्यापेक्षा वरून बघू. सिम माझ्याकडे होतंच. मग रोज रात्री अर्धा-पाऊण तास सेसना १७२ हे छोटं विमान काढायचं, मी डावीकडे, ती उजवीकडे. तिचं काम उंची वाचून दाखवणं आणि मी चुकलो की ओरडणं. दुसरं काम ती जास्त मन लावून करते.

वर्षभरात साठ उड्डाणं झाली (वही ठेवली आहे, आकडा पक्का). मजा भरपूर आली, ते नाकारत नाही. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकला उतरताना उंचीमापकाचा काटा शून्याच्या मागे सरकला तेव्हा ती खुर्चीतून उठलीच, "बाबा, आपण जमिनीत घुसतोय!" ती धावपट्टी समुद्रसपाटीच्या ६४ मीटर खाली आहे, हे आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. बोलिव्हियात एल आल्तोला उलटी गत. विमानतळ ४,०६१ मीटरवर, धावपट्टी चार किलोमीटर लांब, आणि आमची सेसना काही केल्या जमीन सोडेना. मिक्श्चरचा दांडा (इंजिनात इंधन किती जायचं ते ठरवणारा) मागे ओढत ओढत कशीबशी उचलली, तर पुढे चढेना. विरळ हवा म्हणजे काय ते त्या रात्री दोघांनाही कळलं.

आता दुखणं. गेल्या आठवड्यात तिच्यापुढे जगाचा कोरा नकाशा ठेवला आणि म्हटलं, एल आल्तो दाखव. तिने बोट ठेवलं ते ब्राझीलच्या पोटात. मी हसणार, तेवढ्यात तिने विचारलं, "मग तू सांग, एल आल्तोच्या पूर्वेला काय आहे?" मला येईना.

त्याहून वाईट नाईलचं. अस्वान ते लक्झर आम्ही पाऊण तासाहून जास्त वेळ नदी धरून गेलो. दोन्हीकडे वाळवंट, मधे हिरवी फीत, आणि शेत संपून वाळू सुरू होते ती रेघ इतकी कडक की एक पाय शेतात, एक वाळूत ठेवून उभं राहता यावं. दोन दिवसांनी सहज विचारलं, नाईल कुठून कुठे वाहते गं? "वरून खाली. भूमध्य समुद्रातून निघून खाली आफ्रिकेत." त्या नदीवरून उडून आलेली मुलगी हे म्हणते! मग लक्षात आलं, आम्ही नदी बघतच नव्हतो. जीपीएसच्या पडद्यावरच्या गुलाबी रेघेवर विमान ठेवत होतो आणि अधूनमधून खिडकीबाहेर बघून "वा, काय सुंदर" म्हणत होतो.

तर प्रश्न असा. बघितलेलं डोक्यात राहावं म्हणून तुम्ही उड्डाण कसं आखता? "एकेक देश घ्या" असं कृपया सांगू नका, ते करून झालं. आणि जोडप्रश्न: लॅपटॉप जुना आहे, उपग्रहाची छायाचित्रं लावली की सगळं अडखळतं. भूगोलासाठी ती हवीतच का?

खिडकीची जागा

वाचनखूण साठवली. माझंही हेच, फक्त शेजारी ओरडायला कोणी नाही. शंभरेक विमानतळांचे चार अक्षरी कोड तोंडपाठ आहेत. त्यांचं काय करायचं, कल्पना नाही.

मोजपट्टी

निदान तुम्हीच केलंय, मी फक्त औषध सांगतो. जीपीएस बंद, ऑटोपायलट बंद, हवेत तरंगणाऱ्या गावांच्या पाट्या बंद. होकायंत्र, घड्याळ आणि वेगाचा काटा, एवढ्यावर जायचं. उंची वाचायला माणूस आहेच तुमच्याकडे.

आदल्या दिवशी ॲटलास उघडून मुलीला वाटेचा नकाशा हाताने काढू द्या. छापून देऊ नका. नद्या, डोंगररांगा, किनारा, बस. प्रत्येक नदीवर वाहण्याचा बाण हवाच. मग दिशा आणि अंतर मोजा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. त्यामुळे नकाशाच्या उभ्या कडेला मोजपट्टी फुकटात छापलेली असते. १०० नॉटने (म्हणजे ताशी १०० सागरी मैलांनी) निघालात तर २५ मैलांवरची नदी पंधराव्या मिनिटाला दिसायला हवी. नाही दिसली तर पुढे रेटू नका, आधी वारा चुकला की दिशा चुकली ते शोधा.

आडव्या कडेवर मात्र कधी मोजू नका. का, ते सांगत बसण्यापेक्षा उडूनच दाखवा. युगांडातलं एंटेबी विषुववृत्ताला अगदी लागून आहे. तिथून वारा शून्य ठेवून, १२० नॉटने, व्हिक्टोरिया सरोवरावरून सरळ पूर्वेला एक अंश रेखांश जा. अर्धा तास लागेल. खाली पाणीच पाणी, कंटाळा येईल, येऊ द्या. दुसऱ्या दिवशी हेलसिंकीच्या आसपास, ६० अंश उत्तरेला, हेच करा. पाव तासात अंश संपतो. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात दोन्ही ठिकाणी चौकटीची रुंदी तेवढीच, म्हणजे उत्तरेकडचा भाग ताणलेला! माझ्या भाच्याने हे केल्यावर आपणहून विचारलं, मग ग्रीनलंड खरं केवढं रे मामा? (आफ्रिका त्याच्या जवळजवळ चौदा पट आहे.)

धावपट्टीचा आकडाही वाचायला लावा. ०९ म्हणजे विमानाचं नाक ९० अंशांवर, पूर्वेला. चाकं सुटण्याआधीच दिशा हातात येते. हे आकडे चुंबकीय उत्तरेवरून असतात आणि ती सरकत असते. लंडनजवळच्या स्टॅन्स्टेडची ०५/२३ (दोन टोकांचे दोन आकडे) धावपट्टी २००९ मध्ये ०४/२२ झाली, जागची इंचभर न हलता.

तिरपागडा

राग मानू नका, पण सिममधलं जग हे जग नव्हे. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचं नवं सिम आलं तेव्हा मेलबर्नच्या एका बैठ्या घरांच्या उपनगरात २१२ मजली सुळका उभा होता. ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या नकाशावर कुणा हौशी माणसाने २ च्या जागी २१२ टाइप केलं होतं, आणि यंत्राने निमूटपणे बांधून टाकलं. भूगोलच शिकायचाय ना? मग चांगला ॲटलास घ्या आणि बसा.

उडाणटप्पू

@तिरपागडा, ॲटलास आहे हो घरात. तो उघडायला निमित्त हवं म्हणून तर हा खटाटोप.

@मोजपट्टी, बाणाची युक्ती आवडली. पण वरून बघताना नदी कुठे वाहतेय ते ओळखायचं कसं? पाणी काही हलताना दिसत नाही.

नकाशेकर

उपनद्या बघा. दोन प्रवाह मिळतात तिथे जो कोन होतो, त्याचं टोक बहुतेक वेळा पाणी जातं त्या दिशेला असतं. तुम्ही नेमका अस्वान-लक्झरचा टप्पा निवडलात, तिथे नाईलला बारमाही उपनदीच नाही. त्यामुळे तुमची मुलगी फसली यात नवल नाही. कैरोच्या उत्तरेला जाऊन बघा, नदी पंख्यासारखी फाटते तो त्रिभुज प्रदेश. तो बघून कोणी म्हणणार नाही की समुद्रातून नदी निघते.

तिरपागडा यांचा मुद्दा इमारतींपुरता खरा, डोंगरांना तो लागू नाही. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवस रडार फिरवून ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यातल्या जमिनीची उंची मोजली. ती आकडेवारी खुली आहे, मोफत मिळणारं फ्लाइटगिअर हे सिमही तिचा वापर करतं. घळींचे कडे जरा बोथट दिसतात, पण दरी दरीच्या जागी असते आणि खिंड खिंडीच्या.

जोडप्रश्नाचं उत्तर यातच आलं. भूरूपं शिकायला छायाचित्रं लागत नाहीत, उलट रंगांनी डोळा भुलत नाही हे बरंच. फक्त सिममधली वेळ सकाळी सात किंवा संध्याकाळी पाच ठेवा. भर दुपारी सावल्या नसतात आणि डोंगर इस्त्री केल्यासारखे सपाट दिसतात. शेती, वाळवंट, जंगल बघायचं तेव्हा छायाचित्रं लावा, पण तो एका ऋतूचा फोटो आहे हे मुलीला सांगून ठेवा. बोटस्वानात ओकावांगोचा पूर ऐन कोरड्या दिवसांत, जून ते ऑगस्टच्या सुमारास टिपेला असतो. सिममध्ये बारा महिने पाणी तेवढंच.

आडवाटेने

एक उड्डाण सुचवतो: नेपाळमधलं पोखरा ते जोमसोम. खरं विमान वीसेक मिनिटांत जातं. पोखऱ्याहून वायव्येला निघायचं, घोरेपानीचा डोंगर ओलांडला की पलीकडे काली गंडकी. तिथे उत्तरेला वळून नदीच्या उगमाकडे. डाव्या हाताला धौलागिरी, ८,१६७ मीटर, उजव्या हाताला अन्नपूर्णा, ८,०९१ मीटर, आणि आपली सेसना मधल्या फटीत.

गंमत अशी की ही नदी हिमालयाच्या उत्तरेकडून येते आणि हिमालय चिरून दक्षिणेला उतरते. डोंगर वर येण्याआधीपासून ती तिथे वाहत होती. तो उचलत गेला, ही कापत गेली. शाळिग्राम मिळतात ते हिच्याच पात्रात, म्हणजे हिमालयाच्या जागी पूर्वी असलेल्या टेथिस समुद्रातल्या ॲमोनाइट नावाच्या प्राण्यांचे जीवाश्म. ते हिमालयात कसे, हा प्रश्न मुलीला पडला तर पुढचा आठवडा सुटला तुमचा.

इथे मात्र लॅपटॉप कितीही कण्हो, छायाचित्रं लावाच. वळताना खाली गर्द हिरवं असतं, जोमसोमला पोहोचेस्तोवर मातकट. पर्जन्यछाया दहा मिनिटांत डोळ्यांसमोरून सरकते. वारा दक्षिणेचा, २५ नॉट, हाताने लावा. ऊन चढलं की वरचं पठार तापतं आणि दरीतून हवा वर ओढली जाते, म्हणून खरी विमानं तिथे सकाळीच येऊन जातात.

उडाणटप्पू

नऊ दिवसांनी येतोय. जोमसोमला निघालो होतो, चकवा लागला.

मुलीने नकाशा काढला, बाणासकट. पोखऱ्याच्या फेवा तलावावर घिरट्या घालत १०,५०० फूट गाठले, तलाव सोडताना तिने घड्याळ लावलं, वेग १०० नॉट. काली गंडकी पंधराव्या मिनिटाला यायची होती. आठव्या मिनिटाला खाली नदी दिसली, उत्तरेकडून येणारी, झकास दरीतली. मी म्हटलं, आलीच की! वारा पाठीशी असणार.

"अजून सात मिनिटं आहेत," ती म्हणाली.

"अगं, समोर दिसतेय ना?"

वळलो. दरी अरुंद होत गेली. उजवीकडे माछापुछ्रे इतकं जवळ आलं की शिखर बघायला मान वर करावी लागली. थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा) पूर्ण पुढे, ती वाचतेय, बारा हजार दोनशे, बारा हजार चारशे, आणि खालची जमीन आमच्यापेक्षा भराभर वर येतेय. तेरा हजाराच्या आसपास कडे एकदम बाजूला झाले, समोर परातीसारखा खोलगट भाग आणि त्याच्या कडेने सगळीकडे बर्फाची भिंत. वळायला जागा नव्हती. मग पडद्यावर जे व्हायचं ते झालं.

नंतर ॲटलास तिनेच ओढला. (नोंद घ्यावी, तिरपागडा.) आम्ही शिरलो ती मोदी खोला या दुसऱ्याच नदीची दरी. "बाबा, ही नदी डोंगराच्या आतच सुरू होते, म्हणून आत गेल्यावर वाट संपली. आपल्याला हवी ती डोंगराच्या पलीकडून येते, म्हणून तिच्यातून आरपार जाता येतं." मी गप्प. मग तिने वही मागे उलटून सगळ्या जुन्या नकाशांवर बाण काढले. नाईलचा बाण कागदाच्या वरच्या कडेकडे काढताना जरा थबकली, ॲटलासमध्ये पुन्हा खात्री केली, मग काढला.

उद्या पुन्हा जातोय. उजव्या खुर्चीतल्या बाईंनी डावी खुर्ची मागितली आहे. घड्याळाशिवाय आणखी एखादी खूण आहे का, मोदी आणि काली गंडकी यांच्यात गफलत होऊ नये म्हणून?

आडवाटेने

आहे. वळण्याआधी नाकासमोर बघा. पश्चिमेला अजून एक झाडीचा डोंगर ओलांडायचा शिल्लक दिसत असेल तर खाली आहे ती मोदी. घोरेपानी मागे पडल्याशिवाय वळू नका. आणि काली गंडकीकडे उतरताना धौलागिरी समोर-डावीकडे अख्खा उभा दिसतो, तो दिसेपर्यंत दम धरा.

मोजपट्टी

आणि घड्याळवालीचं ऐका हो.

उडाणटप्पू

टिपून घेतलं. कॅप्टनने तुमचं वाक्य वहीच्या मुखपृष्ठावर लिहिलंय.