मदत हवी आहे: वाईतलं जुनं घर घ्यावं का?

नमस्कार मंडळी. वाईत घाटापासून पाच मिनिटांवर एक कौलारू घर विकायला आहे. मालकांनी नुकतंच नीट करून घेतलंय. मोझॅइकची फरशी घासून चकचकीत, सागवानी तुळया तशाच, वायरिंग नवं. सासूबाईंनी ओटीवरचा झोपाळा पाहिला आणि देवघराची जागाही ठरवून टाकली!

काळजी भिंतींची आहे. मूळ काम विटा-चुन्याचं, त्यावर आता सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट. त्यामुळे ओल आत कोंडते ना? मागच्या खोलीत जोत्यापासून हातभर वर पांढरा खार फुटलाय, कुबट वासही येतो. गिलावा खरवडून पुन्हा चुन्याचा केलेला कुणाचा अनुभव आहे का? खर्च किती आला? सातारा भागात चुन्याचं काम जाणणारे गवंडी मिळतात का?

दुसरं, मिळकत पत्रिकेवर अजून मालकांच्या आजोबांचंच नाव आहे. दोन्ही आत्यांनी हक्क सोडल्याचं साध्या कागदावर लिहून दिलंय, नोंदणी नाही. माझ्या मते नोंदणीकृत हक्कसोडपत्र आणि वारसनोंद झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. पण मालक या रविवारी टोकन मागताहेत. कुणी अशा व्यवहारातून गेलं असेल तर कृपया लवकर सांगा.