मदत हवी आहे: एसेक्समधल्या जुन्या घराचे कागद कसे शोधावेत?

नमस्कार मंडळी. इथे इंग्लंडमध्ये, एसेक्समधल्या एका खेड्यात आम्ही जुनं घर घेतलंय. पूर्वी तिथे कोण राहायचं, ते शोधायला चेम्सफर्डच्या एसेक्स रेकॉर्ड ऑफिसात जाणार आहे. 1836 च्या कायद्यानंतर चर्चच्या दशांश करासाठी नकाशे बनले. त्यात प्रत्येक तुकड्याला नंबर, सोबतच्या यादीत मालक आणि कसणारा दोघांची नावं, अगदी आपल्या सातबाऱ्यासारखी. 1841 च्या जनगणनेशी ती जुळवता येतील. घोडं अडतंय त्याआधीचं. मॅनर कोर्टाच्या (म्हणजे जमीनदाराच्या जहागिरीतल्या स्थानिक कोर्टाच्या) नोंदी 1733 पर्यंत बहुतेक लॅटिनमध्ये! (त्यापेक्षा मोडी परवडली.) कुणी त्या वाचल्यात का? सुरुवात मृत्युपत्रांपासून करू की थेट मॅनरच्या नोंदींपासून? आणि वाचनकक्षात मोबाइलने फोटो काढायला वेगळं शुल्क पडतं का?